सूचनापेटीच्या आधीचा करार

चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर कायझनचा फलक हमखास दिसतो. महिन्याला किती सूचना आल्या, त्यांतल्या किती अमलात आल्या, कोणत्या विभागानं बाजी मारली, याचे रंगीत तक्ते त्यावर लावलेले असतात. त्याच कारखान्यांच्या व्यवस्थापकांची एक जुनी तक्रारही असते: माणसं मनापासून काही सांगत नाहीत, महिन्याचा आकडा भरायचा म्हणून चार ओळी खरडून देतात. मग बक्षिसाची रक्कम वाढते, बाहेरून प्रशिक्षक येतो, घोषवाक्यांची स्पर्धा होते, आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्वपदावर येतं. या तक्रारीमागे एक गृहीत आहे. कामगार गप्प आहे म्हणजे त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, किंवा सांगण्याची उमेद नाही, असं ते गृहीत. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा औद्योगिक इतिहास वाचताना मला याच्या अगदी उलट दिसतं. कामगाराचं गप्प राहणं हा बहुतेक वेळा नीट मांडलेला आणि बरोबर आलेला हिशोब असतो. कल्पना सांगितली तर फायदा कोणाला आणि फटका कोणाला, हे त्याला पेटी बसवणाऱ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. तो हिशोब बदलायचा असेल तर त्यातले आकडे बदलावे लागतात, आणि ते काम पेटी बसवण्याच्या आधी करावं लागतं.

हा हिशोब ज्यानं पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मांडला तो माणूस कामगारांचा कैवारी मुळीच नव्हता. फ्रेडरिक टेलर 1878 साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात कामाला लागला आणि लवकरच कामगारांच्या टोळीचा प्रमुख झाला. कामगार मुद्दाम हळू काम करतात आणि नव्या माणसालाही तसंच करायला शिकवतात, हे त्यानं जवळून पाहिलं. 1911 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यानं याची कारणं दिली आहेत. उत्पादन वाढलं तर आपल्यातलेच काही बेकार होतील, अशी कामगारांची समजूत असते. शिवाय उक्त्या कामात जास्त नग काढून दाखवले की मालक नगामागचा दर कापतो, हा तर त्यांचा अनुभवच असतो. एकदा-दोनदा दर कापला गेला की कामगार कायमचा सावध होतो. टेलरचं निदान इथपर्यंत अचूक होतं. उपाय मात्र त्यानं वेगळाच काढला. कामगाराच्या हातात असलेलं ज्ञान त्याच्याकडून काढून नियोजन विभागात न्यायचं, घड्याळ लावून प्रत्येक हालचालीचा वेळ मोजायचा, आणि काम कसं करायचं ते अभियंत्यानं लिहून द्यायचं. विश्वास तुटला होता हे त्याला दिसलं होतं, आणि विश्वासाची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था त्यानं उभी केली. विसाव्या शतकातले बहुतेक कारखाने कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेनं गेले.

मुंबईला या गोष्टीची फार मोठी किंमत मोजावी लागली. 1928 च्या सुरुवातीला ससून गटाच्या गिरण्यांत कार्यक्षमतेच्या नावाखाली नवी पद्धत आली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकरानं तीन सांभाळायचे, सूतखात्यातल्या माणसानं दुप्पट काम बघायचं, मजुरी थोडी वाढणार पण माणसं कमी होणार. एप्रिलमध्ये जो सार्वत्रिक संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, गिरणी कामगार युनियन त्याच काळात उभी राहिली, आणि शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे प्रश्न गेला. या संपाकडे आपण मजुरीचा आणि संघटनेचा लढा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तीन माग एकानं चालवायचे तर सूत किती चांगलं हवं, कोणत्या मागावर धागा जास्त तुटतो, कांड्या कोणी आणि कधी पोचवाव्यात, याचं ज्ञान विणकराजवळच होतं. ते त्यानं सांगितलं असतं तर शेजारच्या विणकराला घरी पाठवण्याचा मार्ग त्यानंच मोकळा करून दिला असता, आणि तो शेजारी बहुधा त्याच्याच गावचा, त्याच्याच चाळीतल्या खोलीत राहणारा असायचा. अशा माणसाकडून सूचना मागणं म्हणजे त्याच्या शहाणपणाचा आणि सभ्यपणाचा एकाच वेळी अपमान करणं होतं.

सूचनांच्या बाबतीत ज्या कंपनीचं नाव आज सगळे घेतात त्या टोयोटाचा इतिहास याच प्रकाशात वाचायला हवा. 1950 साली टोयोटा बुडण्याच्या बेतात होती. विक्री कोसळली होती, बँकांनी मदतीसाठी कामगारकपातीची अट घातली होती आणि कामगार संघटना संपावर गेली होती. अखेर साधारण चौथा हिस्सा कामगारांना जावं लागलं, पण कंपनीचे संस्थापक आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. जे उरले त्यांची नोकरी टिकवायची आणि त्यांनी कामाच्या पद्धतीत लवचीक राहायचं, अशी समजूत या संघर्षानंतर रुजत गेली. त्याच वर्षी एजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना पाहून आले. तिथली सूचना योजना त्यांनी पाहिली आणि 1951 मध्ये टोयोटात ती सुरू केली. कल्पना फोर्डचीच होती. फोर्डमध्ये मात्र ती कोपऱ्यातली एक योजना राहिली. टोयोटात 1986 या एका वर्षात 26 लाखांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमलात आल्या. या आकड्यांचं कौतुक करताना घटनांचा क्रम विसरला जातो. आधी संप, त्यागपत्र आणि समजूत, मग सूचनांची योजना. आपल्याकडे योजना तेवढी आली, तिच्या आधीचं वर्ष आलं नाही.

हे जपानी संस्कृतीचं वैशिष्ट्य आहे, तिथली माणसंच तशी, हा आक्षेप इथे लगेच येतो. त्याला सर्वांत चांगलं उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मिळतं, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना त्या कंपनीतल्या सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक मानला जात असे. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, तक्रारींचे ढीग पडलेले, अचानक होणारे संप, कामावर दारू. 1982 मध्ये तो बंद झाला. पुढच्याच वर्षी टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तिथे संयुक्त कारखाना काढायचं ठरवलं. त्याचं नाव न्यूमी. 1984 च्या अखेरीस तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. कामगार घेतले ते बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. अमेरिकी मोटारधंद्यात ज्यांना बेशिस्त म्हणून ओवाळून टाकलं होतं तेच हे लोक. दोन वर्षांत कारखान्याची उत्पादकता जुन्या फ्रीमाँटच्या जवळपास दुप्पट झाली, गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या तोडीला गेली, आणि गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली.

बदललं होतं ते काय? संघटनेशी केलेल्या 1985 च्या करारात एक कलम होतं. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात येईल इतकी बिकट परिस्थिती आल्याशिवाय कोणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही, आणि तशी वेळ आली तरी आधी वरिष्ठांचे पगार कापले जातील आणि बाहेर दिलेली कामं परत आत आणली जातील. जनरल मोटर्समध्ये असेंब्ली लाइन थांबवणं हा जवळजवळ गुन्हा होता. सदोष गाडी तशीच पुढे जायची आणि मागच्या आवारात दुरुस्तीसाठी साठून राहायची. न्यूमीत प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. अडचण दिसली की ती ओढायची, टीम लीडर धावत येणार, दोघांनी मिळून ठराविक वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबणार. वर्गवाऱ्यांच्या कित्येक डझन खणांऐवजी उत्पादन कामगारांची एकच वर्गवारी ठेवली. साहेबांचं वेगळं उपाहारगृह आणि राखीव पार्किंग गेलं. मला यातला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो घड्याळाचा बदल. वेळ मोजणाऱ्या अभियंत्यांचा विभाग तिथे नव्हता. टीममधले कामगारच एकमेकांच्या कामाचा वेळ मोजत, सर्वांत चांगली पद्धत ठरवत आणि ती लिहून काढत. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकानं न्यूमीवर जे लिहिलं त्याचा गाभा हाच आहे: टेलरचं हत्यार तेच राहिलं, ते धरणारा हात बदलला.

आणि मग परीक्षेची वेळ आली. 1988 च्या सुमारास न्यूमीत बनणाऱ्या शेव्हर्ले नोव्हाला गिऱ्हाईक मिळेना आणि कारखान्याच्या क्षमतेचा साठ टक्क्यांपेक्षाही कमी वापर होऊ लागला. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात अशा वेळी शेकडो लोक घरी गेले असते. न्यूमीनं एकालाही काढलं नाही. जास्तीच्या लोकांना प्रशिक्षणात आणि सुधारणांच्या गटांत गुंतवलं. कागदावरचं कलम खरं आहे हे कामगारांना तेव्हा कळलं. सूचना योजनेत भाग घेणाऱ्यांचं प्रमाण 1986 मध्ये साधारण चौथ्या हिश्शाएवढं होतं, 1991 पर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या वर गेलं, आणि बहुतेक सूचना स्वीकारल्या जात होत्या. याच्या उलट उदाहरणही जवळच आहे. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात जनरल मोटर्सनं टीमची तीच पद्धत आणली, पण कारखाना बंद होण्याची टांगती तलवार दाखवून. संघटनेत फूट पडली, पद्धत कधी रुजलीच नाही, आणि 1992 मध्ये कारखाना बंद झाला. एकाच राज्यात, एकाच संघटनेच्या कामगारांबरोबर, एकाच दशकात केलेले हे दोन प्रयोग आहेत. संस्कृतीचा मुद्दा यानंतर माझ्या मते उरत नाही.

तरीही कोणी म्हणेल की भारतीय कामगाराची गोष्ट वेगळी, त्याला वरून हुकूम लागतो. त्यासाठी न्यूमीच्या तीस वर्षं आधीच्या अहमदाबादकडे पाहावं. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं. साराभाईंच्या कॅलिको गिरणीनं नवे स्वयंचलित माग बसवले, पण अपेक्षेइतकं कापड निघेना आणि खराब माल वाढला. 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी हे काम जवळून पाहिलं. 224 मागांवर सुमारे 29 माणसं बारा वेगवेगळ्या कामांत विभागलेली होती. विणकर, कांड्या भरणारा, तुटलेला ताणा जोडणारा, तेल घालणारा, जॉबर, झाडूवाला. प्रत्येकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून, पण कोणाचाही गट नव्हता. कांड्या भरणाऱ्याला जितके माग सांभाळायचे तितके विणकराच्या वाट्याला नव्हते, त्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो हेच ठरत नव्हतं. राइस यांनी सुचवलं की सातच्या आसपास माणसांचा एक गट करून त्याच्याकडे 64 माग सोपवावेत आणि आत काम कसं वाटायचं ते गटानं पाहावं. सल्ला परदेशी तज्ज्ञाचा होता, पण तो प्रत्यक्षात आणण्याची सूत्रं कामगारांनी आणि मुकादमांनी फार लवकर आपल्या हातात घेतली. गटात कोणी कोणाबरोबर यायचं हेही त्यांनीच ठरवलं. मधल्या काळात घसरण झाली, गट अनुभवी होईपर्यंत खराब माल वाढलासुद्धा. पण स्थिरावल्यावर कार्यक्षमता साधारण 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 20 वर आलं. 1970 मध्ये एरिक मिलर पुन्हा तिथे गेले तेव्हा एका खात्यात ही पद्धत बरीचशी टिकून होती, इतर ठिकाणी व्यवस्थापनाचा आधार सुटत गेला तशी ती विरली होती. माझ्या दृष्टीनं हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सहकार्य ही एकदा पेरून मोकळं व्हायची गोष्ट नाही, वरच्यांनी हात काढला की ते आटतं.

नोकरी जाण्याची भीती हीच एक भीती असते असं नाही. 1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं आणि त्यातले सर्व 92 जण गेले. नियंत्रण कक्षाच्या सूचनेचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलंही होतं, पण इतरांपर्यंत पोचवण्याची सोय नव्हती. मग विमान वाहतूक खात्यानं स्वतः एक नोंद योजना काढली. परवाना रद्द करण्याचा अधिकार असलेल्या खात्यालाच आपली चूक कोण कळवणार? म्हणून 1976 मध्ये ही नोंद नासाकडे सोपवली गेली. नासा नावं काढून टाकते, हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीची ठराविक मुदतीत कबुली देणाऱ्याला शिक्षेतून सूट मिळते. ही व्यवस्था आजही चालू आहे. वैमानिक हा काही कमी पगाराचा, अशिक्षित, दबलेला माणूस नाही. त्याच्याही बाबतीत, माहिती कोणाच्या हातात पडते आणि पुढे तिचं काय होतं, यावरच बोलणं अवलंबून होतं. आपल्या बँकांत, रुग्णालयांत आणि आयटी कंपन्यांत हाच मुद्दा लागू पडतो. हार्वर्डच्या अ‍ॅमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात आढळलं की जिथे परिचारिकांचं नेतृत्व चांगलं होतं त्या विभागांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. नुसता तक्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं त्याच विभागाला दोष दिला असता.

यावर व्यवहारी आक्षेप असा की नोकरीची हमी आज कोणती कंपनी देऊ शकते? न्यूमी स्वतः 1 एप्रिल 2010 रोजी बंद झाली, साडेचार हजारांवर लोक बेकार झाले. हे खरं आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाजार उठला तर कोणतंही कलम कारखाना वाचवू शकत नाही. पण सूचना देणाऱ्याला बाजारापासून संरक्षण हवं असतं असं कोणी म्हणत नाही. त्याला हवं असतं ते स्वतःच्याच सूचनेपासून संरक्षण. सुधारणेमुळे मोकळी झालेली माणसं त्याच कारणानं काढली जाणार नाहीत, त्यांना दुसरं काम किंवा प्रशिक्षण मिळेल, आणि सुधारणेमुळे वाचलेल्या वेळात सगळ्यांच्या माथी आणखी काम मारलं जाणार नाही, एवढं वचन मंदीतही पाळता येतं. दुसरा आक्षेप बक्षिसांचा. चांगली रक्कम द्या, माणसं बोलतील. बोलतात, पण एकेकटी. एकाच्या बक्षिसासाठी बाकीच्यांनी वाढलेलं काम उचलायचं असेल तर ते त्याच्याशी कल्पना वाटून घेणार नाहीत. अमेरिकेत 1930 च्या दशकात जोसेफ स्कॅनलन या पोलाद कामगार संघटनेच्या माणसानं बुडत्या कारखान्यासाठी जी योजना आखली, तिच्यात म्हणूनच वैयक्तिक बक्षीस नव्हतं. बचतीचा ठरलेला वाटा मजुरांपासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांत वाटला जाई.

सर्वांत गंभीर आक्षेप डावीकडून येतो आणि तो मला अर्धा मान्य आहे. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी 1988 मध्ये न्यूमीसारख्या पद्धतीवर टीका करताना म्हटलं की तिथे ताणच व्यवस्थापन करतो. कामगाराच्या कल्पनेनं चार सेकंद वाचले की त्या चार सेकंदांत नवं काम भरलं जातं, आणि श्वास घ्यायची जागा त्याच्याच हातून नाहीशी होते. 1993 मध्ये नवं मॉडेल आणताना न्यूमीत अंगदुखीच्या आणि सांध्यांच्या दुखापती इतक्या वाढल्या की कामगार सुरक्षा यंत्रणेनं कंपनीला दोषी धरलं. म्हणून वाचलेल्या वेळाचं काय होणार, हे कंपनीनं एकटीनं ठरवायचं नाही. त्याचा निर्णय सामायिक हवा. जर्मनीत हे कायद्यानंच केलं आहे. तिथल्या 1972 च्या कायद्याच्या 87 व्या कलमात, ज्या बाबी कामगार परिषदेच्या संमतीशिवाय ठरवता येत नाहीत त्यांच्या यादीत, कामाच्या वेळा आणि रजांच्या बरोबरीनं सूचना योजनेची तत्त्वंही आहेत. म्हणजे पेटी कशी चालणार, सूचना कोण तपासणार, फायदा कसा वाटला जाणार, हे दोघांनी मिळून ठरवायचं.

आपल्याकडे कायद्याची सामग्री अगदीच नाही असं नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी मालक आणि कामगार दोघांचेही प्रतिनिधी असलेल्या कार्य समितीची तरतूद होती, ती 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीनं व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं मार्गदर्शक तत्त्व झालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या भेल कारखान्यातून क्वालिटी सर्कलची चळवळ देशभर पसरली, आणि पुण्याच्या पट्ट्यात तिचा जोर मोठा राहिला. पण कार्य समिती बऱ्याच ठिकाणी कँटीन आणि गणवेशापुरती राहिली, आणि सूचनांचं खातं एचआरच्या टेबलावर गेलं. नवा कायदा येण्याची वाट न पाहताही हे जोडता येईल. पुणे-नाशिकच्या मोटार उद्योगात दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतात आणि त्यांत उत्पादकतेची कलमं असतातच. त्याच करारात सूचनांचं कलम का नसावं? कोणाही कामगाराची सूचना त्याच्या किंवा त्याच्या सहकाऱ्याच्या नोकरीवर येणार नाही, ठरलेल्या दिवसांत प्रत्येक सूचनेला कारणासह उत्तर मिळेल, नाकारलेल्या सूचनेवर समितीकडे दाद मागता येईल, आणि बचतीचा हा वाटा सगळ्यांचा. उत्तराची मुदत मला यात सर्वांत तातडीची वाटते, कारण तिला पैसा लागत नाही आणि ती पाळली जाते की नाही हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दिसतं.

मोठी अडचण वेगळीच आहे, आणि वेतनकरार तिला हात लावत नाही. वार्षिक उद्योग पाहणीच्या अलीकडच्या आकड्यांनुसार देशातल्या संघटित कारखान्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक कामगार कंत्राटी आहेत. त्यांच्या जोडीला ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिस. अनेक असेंब्ली लाइनींवर प्रत्यक्ष हात लावणारी माणसं हीच असतात, आणि जिग कुठे अडतो, कोणत्या पार्टला धार राहते, कुठल्या पॅलेटला वाकून पाठ मोडते, हे त्यांनाच ठाऊक असतं. कायम कामगारांच्या करारात त्यांना जागा नाही आणि कार्य समितीत त्यांचा प्रतिनिधी सहसा नसतो. वर्ष भरण्याआधी ज्याला गेटपास परत करावा लागणार आहे त्याला कारखान्याच्या भवितव्यात भागीदार व्हायला सांगणारे कायझनचे फलक या कंपन्यांनी उतरवावेत, किंवा कंत्राटदाराबरोबरच्या करारात निदान एवढं लिहावं की ज्याची सूचना स्वीकारली गेली त्याला कायम भरतीत पहिला हक्क मिळेल आणि बचतीतला वाटा त्याच्या खात्यात थेट जमा होईल.